आत्याचा वेगळा फॉर्म

माझा नवरा इस्लामपूरकडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, तोवर आजारपणाच्या खर्चाचा विचार आम्ही कधी केला नाही. कारखान्यानं सगळ्या कामगारांचा मिळून विमा उतरवला होता आणि बायको-मुलं त्यात आपोआप यायची. मग त्यानं नोकरी सोडली, सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. नोकरीबरोबर विमाही गेला, हे आमच्या लक्षात यायला वर्ष लागलं. दुकानाशेजारच्या टायरवाल्याला छातीत दुखायला लागलं म्हणून नवरा त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. काउंटरवर पहिला प्रश्न आला तो मेडिक्लेमचा. टायरवाला बरा होऊन घरी आला, पण तो प्रश्न आमच्या घरी येऊन बसला.

घरात आम्ही चौघं. तो, मी, सातवीतली मुलगी आणि आत्या. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. तिला म्हसवडला दिली होती. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. इकडे माझी सासू वारली तेव्हा माझा नवरा सहा वर्षांचा होता. भावानं बोलावलं म्हणून आत्या सांगलीला आली ती कायमचीच. त्याला तिनं वाढवलं, पुढं माझ्या मुलीलाही. सासरे जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी खासगी शाळेत गणित शिकवते, म्हणून पॉलिसींची तुलना करायचं काम माझ्याकडं आलं. सरकारी योजनेचं कार्ड आम्ही काढलेलं होतं; ते ठरावीक दवाखान्यांत, ठरावीक उपचारांना चालणार. त्याच्या जोडीला काहीतरी हवं, एवढं नक्की होतं. एक प्रकार असा, की प्रत्येकाची पॉलिसी वेगळी आणि प्रत्येकाची रक्कम त्याची त्याला. दुसरा फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम. ज्याला लागेल त्यानं वापरायची. मला फ्लोटर आवडला. घर जसं चालतं तसाच तो वाटला.

शाळेतल्या एका मैत्रिणीची बहीण विमा एजंट होती. त्या रविवारी दुपारी घरी आल्या. बाई शांत, घाई न करता सांगणाऱ्या. दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का ते आधी बघा, म्हणाल्या. भाडं मर्यादेबाहेर गेलं तर बाकीच्या बिलालाही कात्री लागते. हे मला वाचून कळलं नव्हतं. मग त्यांनी माणसांची नावं विचारली. मी चार सांगितली.

"आत्या म्हणजे यांच्या आत्या?" त्यांनी पेन थांबवलं. आम्ही निवडलेल्या पॉलिसीत नवरा, बायको, मुलं आणि आईवडील एवढेच बसत होते. आत्याला घेणाऱ्या पॉलिसी काही कंपन्यांच्या होत्या, पण फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. चौसष्ट वर्षांचं माणूस आत आलं की सगळ्यांचाच हप्ता चढणार होता.

आत्या तिथंच खाली बसून पावटा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. माझा नवरा म्हणाला, "आई म्हणून घाला ना मग. आईच आहे ती माझी."

एजंट बाईंनी मान हलवली. असलं काही मी लिहिणार नाही, उद्या कागद तपासले की क्लेम जातो, असं त्या सांगत होत्या, तेवढ्यात आत्याच बोलली.

"वैनीच्या जागी माझं नाव नगं लिवू, बाळा. ती तुझी आई हुती. मी आत्या हाय, आन् तेवढं मला पुरंसं हाय. मला सोडून काय ते करा."

नवरा उठून बाहेर गेला. सोडून करायचा प्रश्नच नव्हता, पण तिच्यासमोर बसून तिच्या वयामुळं कुणाचा हप्ता किती चढतो हे आम्ही मोजत होतो, याची मला लाज वाटली. मी बाईंना म्हटलं, आमचा तिघांचा फ्लोटर करा आणि आत्याची स्वतंत्र पॉलिसी, तिच्या नावानं. त्यांनाही तेच बरं वाटलं. हप्ता जास्त पडेल आणि बिलातला ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागेल, पण आत्याच्या आजारपणात तिघांची रक्कम संपणार नाही आणि तिघांच्या आजारपणात तिची.

फॉर्म भरताना प्रश्न आला, रोजची काही औषधं चालू आहेत का. मी सवयीनं "नाही" म्हणणार होते.

"हायत की," आत्या म्हणाली. "बीपीची. सकाळी एक."

तीन वर्षांपासून ती गोळी घेत होती. म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेला गेली असताना चक्कर आली, तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तिकडून येणाऱ्या पुतण्याकडून ती पाकिटं मागवायची आणि शेवयांच्या डब्यात ठेवायची. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं?

"तुमी दोगं कामाची माणसं. उगं जिवाला घोर कशाला?"

पॉलिसीच्या निमित्तानं मला कळलं, की सकाळी माझा डबा भरून देणाऱ्या बाईविषयी मला किती कमी माहीत होतं. कंपनीनं तपासण्या करून घेतल्या, हप्ता थोडा वाढवला आणि बीपीशी संबंधित आजारांचा खर्च मिळायला दोन वर्षं थांबावं लागेल असं कळवलं. लपवलं असतं तर हे टळलं असतं, असं नवरा एकदा म्हणाला. पुन्हा म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी थंडीत आत्याला न्यूमोनिया झाला. पाच दिवस दवाखान्यात होती. विमा कंपनीनं जुनी कागदपत्रं मागितली. बीपी आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळं कुणाला काही शोधायचं उरलं नाही. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. आमच्या वाट्याचा हिस्सा आणि हातमोजे वगैरे विम्यात न बसणारा किरकोळ खर्च आम्ही भरले. आत्याची तक्रार एवढीच, की तिथल्या आमटीला चव न्हाई.

आता दर तीन महिन्यांनी मी तिला स्कूटरवरून डॉक्टरांकडं नेते. शाळा सुटल्यावर जातो, गर्दी असते, तासभर बसावं लागतं. त्या तासात ती मला म्हसवडचं सांगते. तिच्या नवऱ्याचं, त्या चार वर्षांचं, ते दोघं माणगंगेच्या वाळूत कलिंगडं लावायचे त्याचं. हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. परवा आमचा नंबर लागला तेव्हा तिची गोष्ट अर्धीच झाली होती, म्हणून आम्ही मागच्या बाईंना आधी आत जा म्हटलं.