अर्धा पेरू

उन्हात तापलेल्या कुलपाचा हाताला चटका बसला, की मला पुंडलिकनगरातली ती दुपार आठवते.

तेव्हा दर रविवारी मी मंगलला मैत्रीण म्हणून फिरायला न्यायचे. ती चाळिशीची, पण समज जन्मापासून कमी, त्यामुळं एकटी कुठं जायची नाही. त्या दिवशी आम्ही बागेतून परतलो, तर दाराला कुलूप. तिची म्हातारी आई कधीच घर सोडायची नाही. मी फोन लावला. तो बंद दाराआड वाजत राहिला.

मंगल पायरीवर बसली. आईसाठी राखलेला अर्धा पेरू तिच्या मुठीत होता, त्यावरचं तिखटमीठ घामानं बोटांवर ओघळत होतं. "आई येती," ती म्हणाली. ऊन पायरीवरून उतरलं तरी ती हलली नाही.

शेवटी समोरच्या घरातून आईच बाहेर आली.

"मी नसल्यावर ही काय करती, ते बघायचं व्हतं ताई," ती हळूच म्हणाली. "ही तर उठलीच नाय."

तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता.

आता आई नाही. मंगल चितेगावच्या रस्त्यावर एका संस्थेत राहते. रविवारी मी तिच्यासाठी पेरू नेते. ती दारातल्या पायरीवर बसून अर्धाच खाते.