प्रभाकररावांची शुक्रवारची फेरी

"एका मशीनवर दोन सिस्टीम नकोत, आनंदशेठ. मी हात जोडतो."

"काका, हात कशाला जोडताय? हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, बस. सगळे करतात."

"सगळ्यांच्या मशीनला टाकी जोडलेली नसते."

हे भांडण माझ्या कानावर पडलं तेव्हा मी आत वाल सोलत बसले होते. आमचं डोंबिवलीचं घर असं की बाहेरच्या खोलीत कुणी सुस्कारा टाकला तर आतल्या माणसानं फोडणी थांबवून विचारावं, काय हो झालं. कान देण्याची गरजच नव्हती. तरी मी दिला.

हात जोडणारे होते माझे जावई, प्रभाकर खांबेटे. आणि आनंद म्हणजे ते ज्या कारखान्यात कामाला होते त्याच्या मालकांचा मुलगा. नुकताच धंद्यात शिरला होता, अंगाला अत्तराचा वास, बोलायला गोड.

"टाकीचं काम जुन्या भागात सुखानं चालू दे," आनंद म्हणाला. "माझं विंडोज नव्या भागात. कुणाचा कुणाला त्रास नाही."

"त्रास तोच आहे ना! एका वेळी एकच जागं राहतं. तुमचं चालू असलं की माझं झोपलेलं असणार."

"मग मी उठलो की तुम्ही जागं करा."

"आणि राहिलं तर?"

"तुमच्या हातून? काकू सांगतात, तुम्ही गॅसचा कॉक बंद करून जिना उतरता आणि परत बघायला वर येता!" तो हसला. "दिवाळीनंतर दुसरं मशीन घेतोच आहे, काका. तोवरच."

माझी मुलगी सुहासिनी चहा घेऊन बाहेर गेली, आणि प्रभाकररावांचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली आला की समजावं, आता हे हो म्हणणार. नाही म्हणायचं बाळकडू त्या माणसाला कुणी पाजलंच नव्हतं. तसं असतं तर सासूला घरात ठेवून घेतली असती का? मी चार महिन्यांसाठी आले होते, ती तिथेच राहिले. कधी कपाळाला आठी नाही. उलट माझ्या पुडीतली तपकीर संपत आली की न सांगता नवी पुडी यायची, वर म्हणायचे, "आई, ही वाईट सवय सोडा हं."

ते वाढले ठाण्याला, नौपाड्यात. वागळे इस्टेटमध्ये फिटर म्हणून लागले, तो कारखाना बंद पडला. मग चाळिशी उलटल्यावर एका क्लासात नाव घालून कॉम्प्युटर शिकले. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं सर आले म्हणून उभी राहिली. हे ते स्वतःच सांगायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. पुढे मानपाड्याच्या रस्त्यावर एमआयडीसीत ही नोकरी मिळाली.

त्या कारखान्यात मागच्या बाजूला एक मोठी टाकी होती. तिच्यात जे असायचं त्याचं नाव माझ्या जिभेवर बसलं नाही. मला एवढं समजलं होतं की ते गार ठेवलं तर गाईसारखं गरीब, आणि तापलं तर कुणाच्या बापाचं ऐकणारं नाही. गार ठेवायला एक यंत्र घरघरत असे. आणि टाकीची ऊब मोजत बसायला हा कॉम्प्युटर. काळा पडदा, त्यावर हिरवा आकडा. आकडा एका रेषेच्या वर गेला की कॉम्प्युटरला जोडलेली घंटा अशी बोंबलायची की फाटकाबाहेर ऐकू यावी. या कॉम्प्युटरच्या भरवशावर रात्रपाळीची दोन माणसं कमी केली होती. राहिला एकटा रखवालदार दामाजी. तो तिथल्याच जुन्या गावचा, ज्यांच्या भातशेतावर ते कारखाने उभे राहिले त्यांच्यातला.

डिस्कचे भाग पाडले त्या दिवशी मी तिथे होते. शुक्रवार होता. एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची, तेव्हा टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती. आम्ही तिघं मानपाडेश्वराला गेलो होतो, परत येताना प्रभाकरराव म्हणाले, "आई, एवढं उरकतो, मग रिक्षा करू." मला पंख्याखाली बसवलं. होतं नव्हतं ते आधी फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं होतं. पेढ्यांच्या डब्यात फ्लॉप्या ठेवायचे, एकेक काढून, फुंकर मारून, परत उजेडात धरून बघायचे.

"म्हणजे घराची वाटणीच की," मी म्हटलं.

"तसंच. मधे भिंत घालायची. इकडे जुनी सिस्टीम, तिकडे नवी. मशीन सुरू केलं की विचारणार, कुठल्या दारानं जायचं?"

"आमच्या माहेरी वाटणी झाली तेव्हा दोन चुली झाल्या. पण दोन्ही एका वेळी पेटायच्या हो."

ते हसायचे थांबले. म्हणाले, "तेवढाच फरक आहे, आई. इथे एक पेटवली की दुसरी विझते."

मग पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. सुहासिनीनं वाचलं, "सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं का?" प्रभाकररावांचं बोट त्या बटणावर होतं आणि ते दाबत नव्हते. पंख्याचा तेवढा आवाज. आनंद दारात उभा होता, तो म्हणाला, "दाबा हो काका, फ्लॉप्या आहेत ना?" त्यांनी दाबलं. झालं काहीच नाही. सगळं नीट पार पडलं, जुनं जुन्या जागी बसलं, नवं नव्या जागी. आनंदनं पडद्यावर निळं आभाळ आणि ढग आणून दाखवले, पत्ते खेळून दाखवले. सुहासिनी म्हणाली, "किती छान!" छानच होतं. मला मात्र ते आभाळ बघून बरं वाटलं नाही, का ते विचारू नका.

तिथून ती फेरी सुरू झाली. आठवड्याचे बाकी दिवस प्रभाकरराव तिथेच असायचे, आनंदचं काम संपलं की मशीन बंद करून जुन्या दारानं सुरू करायचे. पण शुक्रवारी कारखाना शांत, म्हणून आनंदला नेमकं शुक्रवारीच तिथे बसायला आवडायचं. गिऱ्हाइकांना रंगीत पत्रं करायची, मित्रांना बोलवायचं. आणि उठताना ढग तसेच ठेवून जायचा. मग सुट्टीच्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, हे स्कूटर काढायचे.

"अहो, आज घरी पाहुणे आहेत," सुहासिनी म्हणायची.

"आलोच. मशीन फिरवून येतो."

"त्याला फोन करा ना! स्वतः फिरवू दे."

"तो म्हणतो, फिरवलं. मग मी जाऊन बघतो तर ढग."

दामाजीला ते शिकवायला बघत होते. तो म्हणाला, "सायेब, त्या मशीनला मी हात नाय लावाचा. चालू हाय ना? उजेड दिसतो ना? मंग झालं." गरिबाची काय चूक? पडदा पेटलेला दिसला की कुणालाही वाटणार, राखण चालू आहे. प्रभाकररावांना नेमकी तीच भीती. एकदा जेवताना म्हणाले, "आई, बंद मशीन परवडलं. बंद दिसलं की माणूस सावध होतो." आणि पुढचा घास तसाच हातात.

दिवाळी आली आणि गेली. दुसरं मशीन आलं नाही. उन्हाळ्यात ते मोठ्या शेठना, आनंदच्या वडिलांना, दोनदा भेटले. ते म्हणाले, "अहो खांबेटे, तुम्ही आहात तोवर मला काळजी नाही." हे कौतुक त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा चेहरा असा होता की कुणी रागावलं असावं.

त्या वर्षी संध्याकाळचा वारा कारखान्यांकडून सुटला की घरात गोडसर, कुजकट वास भरायचा. देवघरातली चांदीची निरांजनं घासून ठेवावीत तर चार दिवसांत काळी. सुहासिनीचे पैंजण पेटीत ठेवलेले, तेही काळे. मी म्हणायचे, ज्या हवेत चांदी टिकत नाही त्या हवेत आपण पोरंबाळं वाढवतोय. प्रभाकरराव खिडकी लावून घ्यायचे.

सत्त्याण्णव साली खंडेनवमी शुक्रवारीच आली. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सुताराचा रंधा असो, शिंप्याचं मशीन असो, त्या दिवशी त्याला पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि विश्रांती. पूजा केलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. कारखान्यांतही हे मोठ्या हौसेनं होतं. सुट्टी असून सगळे कामगार सकाळी बायकापोरांसह आले. आम्हीही गेलो. गुरुजी आले, नारळ फुटला, बुंदीचे लाडू वाटले.

आनंदच्या मनात आलं, पूजेला काळा पडदा कसला ठेवायचा, अपशकुनासारखा? त्यानं ढग लावले. पडद्याला हार घातला. पाहुणे येऊन बघून जात होते. प्रभाकरराव त्याच्या मागे मागे. "थोडा वेळच हं, आनंदशेठ." "हो हो, काका. लाडू घ्या."

दुपारी मंडळी पांगली. प्रभाकरराव फिरवायला निघाले तर मोठे शेठ स्वतः म्हणाले, "राहू द्या हो आता. पूजा मांडली आहे. संध्याकाळी दिवा लागल्यावर काय ते करा." मालकांपुढे, गुरुजींपुढे, सणाच्या दिवशी ते काय बोलणार? माझ्या जावयाचा आवाज खाली आला.

जे कुणालाच माहीत नव्हतं ते पुढेच. पाठीमागे पूजा करणाऱ्या कामगारांनी सगळी यंत्रं बंद केली होती, कुंकू लावायला. लेथ बंद, पंप बंद. त्यातच टाकी गार ठेवणारं ते घरघरणारं यंत्रही बंद केलं, त्यालाही फूल वाहिलं. ते यंत्र आहे, मग त्याला विश्रांती का नको? परत कुणी सुरू केलं नाही. ज्याच्या त्याच्या मनात, वेळ आली की कॉम्प्युटर ओरडेलच. त्यासाठीच तर तो आणला आहे. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारभर टाकी त्या उन्हात, आणि राखणदार हार घालून निळ्या आभाळाखाली झोपलेला.

हे सगळं नंतर जुळवलेलं. दामाजी वाचला म्हणून कळलं. टाकीच्या मागे कामगारांच्या खोल्यांची ओळ होती, तिथली बायकामाणसं, पोरं, सगळी रस्त्यापलीकडे पोचली, कारण दामाजी दारं बडवत पळत होता. आकडा दिसताच त्याला पळायला लावणारा माणूस मात्र ते घरघरणारं यंत्र सुरू करायला आत गेला होता. टाकी फुटली त्या आवाजानं आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. मी सुहासिनीकडे बघितलं नाही. तिनंही माझ्याकडे नाही.

त्यावर पेपरात आलं, चौकशी झाली, माणसं येऊन बसली आणि गेली. ते मी लिहीत नाही. मला त्या संध्याकाळचं लिहायचं आहे, जेवढं मी पाहिलं आणि उरलेलं दामाजीनं आमच्या बाहेरच्या खोलीत बसून, रडत रडत सांगितलं तेवढं.

चहा झाला. प्रभाकररावांनी बशीत ओतून घेतला, कारण निघायची घाई होती. सुहासिनी म्हणाली, "उद्या दसरा, येताना झेंडू आणा. आणि आपट्याची पानं, पण ती किडकी नकोत." ते म्हणाले, "किडकी ओळखायची कशी ते आईंना विचारून ठेव." माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. खाली जाऊन स्कूटर एका बाजूला वाकवली, दोन लाथा मारल्या, तिसरीला सुरू झाली. कोपऱ्यावर वळताना हात बाहेर काढला, मागे कुणी नसतानाही.

फाटकात दामाजीनं विचारलं, "सायेब, आज तरी घरी बसाचा ना? यो पूजेचा हाय, त्याला हात नको लावू."

"देव रागावणार नाही, दामाजी. त्याला मी सांगतो. तुम्ही जेवलात का?"

"लाडू खाल्लं."

"लाडू म्हणजे जेवण नव्हे."

आत गेले. दामाजी काचेतून बघत होता. त्यांनी आधी नमस्कार केला. मग पडद्यावरचा हार दोन्ही हातांनी, फूल गळणार नाही असा, उचलून टेबलावर ठेवला. रुमालानं काच पुसली, कुंकवाचं बोट तेवढं राहू दिलं. खुर्ची ओढली. ढग बंद केले. घाई नाही, एकेक बटण. मग काळ्यावर नारिंगी अक्षरं आली, ती दर वेळी यायची, सुहासिनीला त्यांनी एकदा अर्थ सांगितला होता, आता मशीन बंद करायला धोका नाही. त्यांनी बंद केलं. जरा थांबले, तसं थांबायचं असतं म्हणत. परत सुरू केलं. मशीननं विचारलं, कुठल्या दारानं? त्यांनी जुनं दार निवडलं, चष्मा वर सरकवला, हात मांडीवर ठेवले आणि हिरवा आकडा यायची वाट बघत बसले.