केळफुलाच्या रेकॉर्डवरचा लाल टिपका

नानानं आयुष्यात एकच रेकॉर्ड खराब केली.

तीही मुद्दाम.

काल दुपारी नाना गेला, म्हणून आज हे लिहितोय. त्याच्या हयातीत लिहिलं असतं तर त्यानं मला उभं केलं नसतं दारात.

नवीन मित्रांसाठी सांगतो. नाना दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता. माझं जळगावात रंगाचं दुकान. ऐंशीच्या दशकात सुट्टीच्या दिवशी आमचा एकच धंदा. माझ्या लाल स्कूटरवर बसायचं आणि गावोगावच्या लाउडस्पीकरवाल्यांची दारं वाजवायची.

कशासाठी? केळफूल छापाच्या रेकॉर्डसाठी.

धुळ्यात एका माणसानं काढलेली ही छोटी कंपनी. लेबलवर केळफुलाचं चित्र. खेड्यापाड्यातल्या लोकांकडून अहिराणी गाणी म्हणवून घ्यायची, मुंबईहून छापून आणायची, एका बाजूला एक गाणं. रेडिओवर कधी लागली नाहीत. कॅसेट आल्या आणि कंपनी गुपचूप बंद पडली.

लोक म्हणायचे, यांना काही कामधंदा नाही. बरोबरच होतं त्यांचं.

लाउडस्पीकरवाल्यांची एक पद्धत होती. लग्नात दोघातिघांचे सेट लागले की रेकॉर्डची अदलाबदल व्हायची. म्हणून प्रत्येक जण आपल्या रेकॉर्डच्या लेबलवर तेलरंगाचा टिपका लावायचा. कुणाचा हिरवा, कुणाचा पिवळा. नाना नुसता टिपका बघून सांगायचा, ही पारोळ्याची, ही एरंडोलची.

आणि रेकॉर्डवर कुणी अंगठा टेकवला की झालं. त्या माणसाचा पाणउतारा ठरलेला. मी कितीतरी वेळा खाल्लाय.

पण नाना खरं तर एकच रेकॉर्ड शोधत होता.

त्याच्या अक्काची.

अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, धुळ्याला दिलेली. लग्नाआधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाताना कंपनीवाल्यानं तिला ऐकलं आणि एक गाणं म्हणवून घेतलं. मग लग्न झालं. गाणं संपलं. तिला स्वतःची रेकॉर्डसुद्धा मिळाली नव्हती.

भाऊबीजेला नाना गेला की ती दर वेळी विचारायची, "नाना, मन्हं गानं कोनी आयकं व्हई का रे?"

नाना म्हणायचा, "शोधी राह्यनू अक्का."

तिला बाकी काही नको होतं. आपलं गाणं कुणाच्या तरी कानावर पडलं, एवढंच कळायला हवं होतं.

शेवटी सापडली. जामनेरला, बाजाराच्या दिवशी, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. न विकलेल्या मालाच्या गठ्ठ्यात. कागदी कव्हरसुद्धा चिकटलेलंच.

दुकानदार म्हणाला, "कोणी मागितलीच नाही हो ही. न्या."

मी तर खूश. घरी येऊन लावली. सतरा वर्षांची अक्का खोलीत गायला लागली. एक खरखर नाही. मी म्हटलं, "नाना, कंडिशन बघ. एकदम कोरी."

नाना गाणं संपल्यावर म्हणाला, "कोरी आहे म्हणजे कोणीच ऐकली नाही."



पुढच्या रविवारी गेलो तर नानानं पिनच्या दांड्यावर वजनाला नाणं ठेवलं होतं आणि तीच रेकॉर्ड परत परत वाजवत होता. नाणं ठेवणाऱ्याला शिव्या घालणारा हा माणूस. पिनही कुठूनतरी झिजलेली मिळवलेली. मी म्हटलं, "वेडा झालास का?"

"दिवाळीपर्यंत घासली पाहिजे," म्हणाला.

भाऊबीजेला आम्ही दोघं धुळ्याला गेलो. नानानं रेकॉर्ड लावली. आवाज फाटलेला, मधेमधे नुसती खरखर.

"देख अक्का, लोकेसनी कितली वाजाडी. घसाई गयी पार."

अक्कानं डोळ्याला पदर लावला. रेकॉर्ड हातात घेऊन बराच वेळ लेबल बघत बसली.

नाना पान आणायला गेला तेव्हा मला म्हणाली, "भाऊ, हिनावर टिपका कोठे शे?"

टिपक्यांच्या गोष्टी नानानंच तिला सांगितलेल्या.

एवढा जाणकार माणूस, आणि टिपका लावायलाच विसरला.

अक्का म्हणाली, "त्याले सांगू नको. तुन्हा दुकानमा रंग शे ना? जराखा लई ये."

दुकानाच्या मालासाठी धुळ्याला गेलो तेव्हा छोट्या डबीत लाल रंग नेला. नानाचं खोटं खरं दिसावं म्हणून तिनं काडीनं टिपका लावला. मी मान डोलावली आणि आलो.

पुढची भाऊबीज. नानानं ती रेकॉर्ड प्लेयरवर ठेवली, टिपका बघून क्षणभर थांबला, मग पिन टेकवली. 

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो. नाना माझ्या लाल स्कूटरकडे बघत म्हणाला, "टिपक्याचा रंग हाच आहे ना?"

मी चहा पीत राहिलो.

"बरं झालं. मी विसरलोच होतो."

विषय संपला. पुन्हा कधी निघाला नाही. त्या घरात दर भाऊबीजेला ती रेकॉर्ड वाजत राहिली आणि मी दोघांच्या मधे बसून फराळ खात राहिलो.

आज सकाळी अक्का धुळ्याहून आली. आता तिला आधार देऊन चालवावं लागतं. मला जवळ बसवून विचारलं, "टिपकानं नानाले कळनं व्हतं का रे?"

इतकी वर्षं सांभाळलेलं, पण आज खोटं बोलवेना.

"तुला कळलंय हे त्याला कळलं होतं, अक्का. पहिल्याच वर्षी."

ती रडता रडता हसली. म्हणाली, "मंग मन्हं गानं एकनी तं आयकं. कितलं आयकं, पार घसाई टाकं."

नाना, रेकॉर्ड अक्काकडे आहे. कुणाला अंगठा लावू देत नाही ती.

तू नीट जा, मित्रा. फार आठवण येईल तुझी.