चाकांपर्यंत पोचणारी ताकद

निवृत्त होईपर्यंत बाबा पॉलिटेक्निकच्या इंजिनांच्या प्रयोगशाळेत होते. इंजिनाला ब्रेक लावायचा, त्याचे फेरे मोजायचे आणि त्यावरून अश्वशक्ती काढायची, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. स्वतःची गाडी मात्र कधी नव्हती. आमच्या रामघाटच्या गल्लीत स्कूटर शिरली तरी गाय रागावते. सत्तरीत त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं. ठेवायची नदीपलीकडे, रामनगरला.

शोरूममधल्या विक्रेत्याने जाहिरातीचा कागद पुढे केला. "एक सौ बीस हॉर्सपावर, सर!"

"कितने आरपीएम पर?" बाबांनी विचारलं.

त्याने कागद उलटा करून पाहिला, मग मॅनेजरला बोलावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा भलतेच खुशीत होते.

परतताना म्हणाले, "खोटं नाही लिहिलेलं. पण तो आकडा इंजिन जीव तोडून फिरतं तेव्हाचा, आणि इंजिनाच्या दांड्यावर मोजलेला. पुढे गिअरबॉक्स, टायर आपापला वाटा खातात. चाकांपर्यंत किती पोचते ते मी चालवून बघणार. गाडीभर माणसं, एसी चालू, आणि रामनगरच्या पुलाचा चढ." त्यांना एवढंच हवं होतं.

गाडी शोरूममध्ये आली ती नेमकी पितृपक्षात. बाबांचे थोरले भाऊ घाटावर श्राद्धं चालवतात. ते म्हणाले, "अरे, या पंधरवड्यात कोणी नवी वस्तू आणतं का? चार दिवस थांबलास तर काय बिघडतंय?" बाबांचा मुहूर्तावर काडीचा विश्वास नव्हता, पण थोरल्या भावाचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. घटस्थापनेला आणू, म्हणाले.

त्याच पंधरवड्यातल्या दशमीला सकाळी चहा पितापिताच बाबा गेले. मला काकांचा भयंकर राग आला. अजून पुरता गेलेला नाही.

दिवसवार झाल्यावर गाडी मीच आणली. काका मागे बसले होते. पुलाच्या चढावर बाबांना काय काय कळलं असतं. मला फक्त गाडी चढली एवढंच कळलं.

यंदा बाबांच्या तिथीला काका पिंडांसाठी भात मळत बसले होते. तेवढ्यात एका यजमानाचा फोन आला. काकांचे हात भरलेले, म्हणून स्पीकर लावून मी फोन धरला. "नई गाड़ी शोरूम में खड़ी है, नवरात्र तक रुक जाएँ?"

"चलाएगा कौन?" काकांनी विचारलं.

"पिताजी का बड़ा मन है, पंडितजी।"

"तो आज ही ले आओ।"

मी फोन बंद केला. काका पुन्हा भात मळू लागले, पण त्यांच्या हातून पिंड काही केल्या वळेना.