मामाजींच्या गाडीचे मागचे ब्रेक

भीती वाटली की काही बायका देव पाण्यात ठेवतात. मी हातात पाना घेते. माझं माहेर वारासिवनीचं, वडलांचं मोटर गॅरेज. ज्या वयात बाकीच्या पोरी रांगोळीचे ठिपके जुळवत होत्या, त्या वयात मी नुसत्या नजरेनं नटाला कोणता पाना लागेल ते सांगत होते. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळ्या मोहल्ल्यात सांगून टाकलं होतं, "आमची सून पोया जाड करते बाप्पा, पण स्कूटर एक नंबर बनवते." पोळ्यांचं मी मनावर घेतलं नाही. त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं होतं.

मामाजी वन विभागात ड्रायव्हर होते. उभा जन्म जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर जीप चालवली आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. रिटायर झाल्यावर उकव्याच्या खाणीतला एक साहेब बदली होऊन चालला होता, त्याची जुनी लाल गाडी त्यांनी घेतली. साधी गाडी नव्हे. तिच्या काळात ती पळणाऱ्या पोरांची गाडी होती. इंजिन असं की तिसऱ्या गियरमध्ये जरा पाय दिला तरी पाठ सीटला चिकटते. या वयात माणूस देवळात जातो, आमच्या मामाजींनी रेसची गाडी आणली, असं मी चिडवायचे. ते मिशीत हसायचे आणि बॉनेट पुसायचे.

माझा नवरा उकव्याच्या खाणीत आहे आणि तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. मला शनिवारीही कचेरी असते. म्हणून दर शनिवारी मामाजी आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला त्या गाडीतून उकव्याला बापाकडे घेऊन जायचे आणि रविवारी परत आणायचे. मधे गांगुलपाऱ्याचा घाट आहे. जंगल, वळणं, आणि एका बाजूला खोल. पण गाडी मामाजी चालवतात म्हटल्यावर मी निर्धास्त असायचे.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दोघं परत आले ते गाडीची डावी बाजू कठड्याला घासून आणि मुलीच्या कपाळावर टेंगूळ घेऊन.  मामाजी ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "ब्रेकच नाही लागले, बाई. उतारावर दाबले, पण लागलेच नाही." मुलगी मला बिलगून सांगत होती, "आई, गाडी रुकायच्या जागी और जोरात पळाली." कठडा नसता तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. त्या रात्री मी तिला कुशीत घेऊन झोपले आणि तिच्या कपाळावरचा हात काढला नाही.

नवरा फोनवर म्हणाला, "इकून टाक ते डबडं." त्याचं सगळ्यावर हेच औषध. मी म्हटलं, गाडी विकली तर मामाजी आठ दिवसांत म्हातारे होतील. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या मिस्त्रीला घरी बोलावलं. त्याने चारही चाकं उघडून पाहिली, गल्लीत दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, "भाभी, ब्रेक तो ठीक हैं. एकदम ठीक." मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, ठीक आहेत तर माझ्या पोरीचं डोकं काय उगीच फुटलं? तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

मग मीच ठरवलं की मागचे ब्रेक बदलायचे. त्या गाडीला पुढे डिस्क होत्या, पण मागे जुन्या पद्धतीचे ड्रम. लांब उतारावर ड्रम तापतात आणि तापले की पकड सोडतात, हे वडलांच्या गॅरेजात मी शंभरदा ऐकलेलं. त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलला मागेही डिस्क यायच्या. नागपूरच्या भंगार बाजारातून मी तो सगळा संच मिळवला: डिस्क, कॅलिपर, हँडब्रेकच्या केबल, आणि मागच्या ब्रेकचा जोर बेतात ठेवणारा व्हॉल्व्ह.

त्या व्हॉल्व्हनं माझी झोप उडवली. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली तर गाडी थांबत नाही, स्वतःभोवती फिरते. सपाट रस्त्यावर फिरली तर माणूस शिव्या देऊन सुटतो. घाटात फिरली तर काय, ते मला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. ब्रेक कमी लागले तरी पोरगी माझी, आणि जास्त लागले तरी माझीच. मिस्त्रीच्या हातून चूक झाली तर त्याच्या नावानं बोटं मोडता येतात. इथे बोटं माझीच होती आणि ग्रीसनं भरलेली होती.

सुट्टीच्या दिवशी मुलीला ट्यूशनला पाठवलं आणि अंगणातल्या टिनाच्या शेडखाली कामाला लागले. गाडीचा मागचा भाग जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवला.  तरी गाडीखाली हात घालायच्या आधी दरवेळी मी घोड्या हलवून पाहायचे, मग पुन्हा हलवून पाहायचे. मामाजी वेताच्या मोढ्यावर बसून पाहत होते. "पक्क्या हाय घोड्या," ते म्हणाले. "कितीक डाव हलवतेस? आता पडन तुह्या हलवण्यानं." मला हसू आलं, पण हात काही हसेनात. नट आवळला की मी तो परत सैल करून परत आवळत होते. दुपार झाली तेव्हा दोन्ही चाकांवर डिस्क बसल्या होत्या. दिसायला इतक्या देखण्या की मामाजींनी जवळ येऊन बोट फिरवलं. म्हणाले, "झालं त मग. या शनिवारी पोट्टीले नेतोच."

आता फक्त हवा काढायची राहिली होती. ब्रेकच्या नळ्या उघडल्या की त्यात हवा शिरते, आणि हवा राहिली तर पेडल मऊ पडतं, ब्रेक धरत नाही. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायची बारीक तोटी, सैल करायचं; तेल आणि हवा बाहेर पडली की निपल बंद करायचं, आणि मगच पहिल्यानं पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा उलटी आत ओढली जाते. मी मामाजींना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन बंद. चप्पल त्यांनी बाहेरच काढली. गाडीत ते कधी चप्पल घालून बसत नाहीत.

मी मागच्या डाव्या चाकाशी बसले. तिथून ते मला दिसत नव्हते. गॅरेजात पोरं एकमेकांना "दाब", "धर", "सोड" असं ओरडतात. सासऱ्यांना कसं ओरडणार? मी म्हणत होते, "दाबा जी."

"हौ."

"दाबलं का जी?"

"हौ."

मी निपल सैल केलं. तेल आलं, बुडबुडे आले. निपल बंद. "सोडा जी." "हौ." पुन्हा दाबा, पुन्हा हौ. आता निपल उघडलं तर थेंबही नाही. पुन्हा केलं तर चुळकाभर तेल आलं आणि लगेच नळीतून मागे ओढलं गेलं. बुडबुडे काही संपेनात. बाटलीतलं तेल संपत आलं आणि मला वाटलं, कुठला तरी जोड गळतो आहे, किंवा पुढचं मुख्य सिलिंडरच गेलं आहे, आणि हे मला आज कळलं नसतं तर घाटात कळलं असतं. मी जोरानं म्हटलं, "मामाजी, दाबून धरून राहता ना?"

"धरून राह्यलो ना, बाई. हौ."

आता आमच्याकडचं हे हौ कसं असतं? ऐकलं म्हणूनही हौ, केलं म्हणूनही हौ, आणि बोलणं संपलं म्हणूनही हौ. मला वाटलं, नुसतं ऐकल्याचं हौ म्हणत असतील आणि पाय आधीच सोडत असतील. मी उठले, गाडीला वळसा घालून उजव्या चाकाशी गेले. ड्रायव्हरचं दार उघडं होतं. बसल्या-बसल्या पुढे सरकले आणि आत पाहिलं.

"दाबा जी."

"हौ," ते म्हणाले. नजर समोर काचेवर, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

त्यांनी पेडल पार खाली दाबलं होतं. ते ब्रेकचं नव्हतं. त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता.

"दाबलं का जी?" मी पुन्हा विचारलं.

"हौ. दाबून हाय पक्कं."

मला वाटलं ते थट्टा करतात. मग ते कसे सरळ पुढे पाहत आहेत ते मला दिसलं, आणि थट्टा नाही हे कळलं. मी हात लांब केला आणि त्यांच्या पायावर ठेवला. दिवाळी-दसऱ्याला पाया पडते तेव्हा जिथे हात लावते, तिथेच. तळहात पूर्ण टेकवला. पाय गार होता. मी जरा दाबलं, मग बोटाच्या पेरात नख रुतवलं. मामाजी काचेतून समोरच पाहत होते.

"आता सोडू का?" त्यांनी विचारलं.

 त्या घाटात काय झालं होतं ते सगळं एकदम समजलं. गाडी थांबायच्या ऐवजी पळाली, पोरीनं सांगितलं होतं. ब्रेक ठीक आहेत, मिस्त्रीनं सांगितलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशी मी धडधाकट ब्रेक उचकटून बसले होते. आणि शनिवारी, नवे ब्रेक घालून, मीच पोरीला त्यांच्या शेजारी बसवून पट्टा लावून दिला असता. हात हलवून टाटा केलं असतं.

"मामाजी," मी म्हटलं, "खाली पाहा जी."

त्यांनी पाहिलं. आधी माझा काळा झालेला हात, मग त्याखालचा स्वतःचा पाय, मग तो कशावर आहे ते. बराच वेळ पाहत राहिले. 

"कधीपासून?" मी विचारलं.

"शुगरनं झालं," ते म्हणाले. "आधी मुंग्या येत होत्या. मले वाटे, बरं नाही. मंग मुंग्या गेल्या, त मले वाटलं बरं झालं."

"त्या दिवशी घाटात तुमाले कळलं होतं?"

ते अंगठ्यानं स्टिअरिंग पुसत राहिले. मी पुन्हा विचारलं. आवाज चढला होता, सासऱ्यांशी बोलते आहे याचं भान राहिलं नव्हतं.

"इंजिन बोंबललं तवा कळलं," ते म्हणाले. "मंग हँडब्रेक ओढला."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी चाकं उघडत होते, घाबरून एकेक नट तीनदा आवळत होते, आणि ते मोढ्यावर बसून पाहत होते. मला इतका राग आला की दार धाडकन आपटावंसं वाटलं. पण रागाखाली नुसती भीती होती, आणि ती आता त्या गाडीची नव्हती.

"काहून नाही सांगितलं जी?"

"सांगितलं असतं त पोट्टीले पाठवली असतीस माह्यासंग?"

"नाही," मी म्हटलं. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "मीबी नसती पाठवली."

 तेवढ्यात फाटक वाजलं आणि मुलगी दप्तर पाठीवर घेऊन पळत आत आली. लाल गाडी, चमकणाऱ्या डिस्क आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले आबा बघून तिचा चेहरा फुलला. "आबा, गाडी बन गई? शनिवारी जायचं ना आपण?"

 मामाजींनी दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय गाडीबाहेर घेतला. जमिनीकडे पाहिलं, पाय टेकला का ते पाहिलं, आणि मग दाराला धरून उभे राहिले. घरात ते हे रोज असंच करत असणार.

"जाजो ना," ते तिला म्हणाले. "आईनं सुट्टी काढली की जाजो. आता गाडी आई चालवन."

"और आप?"

"मी येतो ना." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी मागं बसतो."

ती "ठीक है" म्हणाली आणि खायला काय आहे ते पाहायला आत पळाली. मामाजी तिथेच उभे राहिले, दाराला धरून. मी चाकाशी जाऊन बसले आणि निपलवरचं सांडलेलं तेल पुसायला लागले.