फुलपाड्याची मासेवाली

फुलपाड्याच्या नाक्यावर, तुंबलेल्या गटाराशेजारी, अर्नाळ्याची एक कोळीण बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक बघून ती मासा कापायची. बंगाल्याला डोकं राखून, मल्याळ्याला बारीक तुकडे, मला दात नाहीत म्हणून पोटाकडचं मऊ. घासाघीस केली की म्हणायची, "पानी टँकरचं, तोंड मात्र रानीचं."

मुलगा मला नाशिकला न्यायला आला, तेव्हा म्हणाली, "जा बाय, सुटलीस." मग सुरमई कापता कापता पुटपुटली, "तिकडं तुझं दात कोन बगनार?"

इथे नळाला दिवसभर पाणी आहे. मासळी बंद डब्यातून येते, सगळ्यांना सारखेच तुकडे. परत सोड म्हटलं की मुलगा विचारतो, "तिथं काय ठेवलंय?"

मी डबा उघडते आणि काटे काढत बसते.