शेवाळावरून कोणी घसरलं नव्हतं

दारामागची वेळूची काठी ओली झाली की मला त्या धबधब्याचा वास येतो. माझ्या साठीनिमित्त आम्ही दोघे भाऊ इंदापूरहून डोंगरात गेलो होतो. मुक्कामाला इंग्रजांच्या काळातला दगडी डाकबंगला होता. निघायच्या दिवशी शेवटचा धबधबा चढताना धाकटा हसून म्हणाला, "दादा, हितं पाणीच पाणी हाय. आता तरी माझी पाळी चोरू नगंस." त्या उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी त्याची असताना मी बांध फोडून पाणी माझ्या उसात वळवलं होतं. खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी हातातली हीच काठी त्याच्या तोंडावर हाणली. तो खडकावर पडला, तरी आणखी दोनदा हाणली. पायाखालचं पाणी लाल झालं. त्याला बंगल्यावर आणलं तेव्हा खानसाम्यानं विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडण्याआधीच धाकटा म्हणाला, "शेवाळावरनं घसरलो." त्याचा डावा डोळा गेला. गावभर मीही तेच सांगितलं. आज माझ्या पंचाहत्तरीला तो पेढे घेऊन आला आणि ओसरीवर पोरांना तीच घसरल्याची गोष्ट रंगवून सांगू लागला. मी काठी घेऊन बाहेर आलो, ती त्याच्या पायाशी ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ह्यो घसरला न्हाय. मी मारलंय."